वजन बरोबर होतं

विलो बेंड, मोंटाना
६ डिसेंबर १९९६

हाल्वर,

'प्रिय' लिहायला बसले होते, पण जो भाऊ सख्ख्या बहिणीला तोंडाने एक शब्द न सांगता बॅग उचलून वृद्धाश्रमात जाऊन बसतो, त्याला प्रिय कशाला म्हणायचं? नुसतं हाल्वर पुरे.

रविवारी चर्चमधून आले तर टेबलावर मिठाच्या बाटलीखाली चिठ्ठी. 'व्हर्ना, आर्डेन मला बिलिंग्जला सोडतोय. घरात माझ्या हातून पुन्हा काही होऊ नये म्हणून जातो.' डाव्या हाताचं अक्षर, कोंबडीने माती उकरावी तसं. सत्तर वर्षांचा घोडा झालास, पण पळालास शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा.

आता गावाला तोंड मला द्यावं लागतं. दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे एकच पालुपद. "हाल्वरसारखा माणूस? पन्नास वर्षं घरी काडतुसं भरणारा? त्याच्या हातून असं कसं झालं गं, व्हर्ना?" मी सांगते, झालं. सत्तावीस ऑक्टोबरला, रविवारी, वरच्या कड्यावर पालथा पडून त्याने पाचशे ऐंशी यार्डांवरच्या एल्क हरणावर नेम धरला, चाप ओढला, आणि बंदूक त्याच्या तोंडाशीच फुटली. उजवा डोळा गेला. उजव्या हाताचा अंगठा गेला. एल्क मान वर करून बघत राहिला आणि चालत निघून गेला, असं बरोबर गेलेला शेजारचा आर्डेन सांगतो.

उरलेली एकोणीस काडतुसं आर्डेननेच खोलून पाहिली. मोठ्या बंदुकीच्या सावकाश जळणाऱ्या दारूत लहान बंदुकीची झटक्यात जळणारी दारू मिसळलेली. प्रत्येकात वजन बरोबर, तुझ्या नेहमीच्या पद्धतीने दाण्यादाण्याने तोललेलं. दारूच चुकीची. डबा तुझा, काडतुसं तुझी. मग चूक कुणाची, हे लोकांना वेगळं सांगायची गरज पडत नाही. मीही कुणाला काही बोललेले नाही. एवढंच म्हटलं, की आपले वडील पंचाहत्तरीत कसे झाले होते ते सगळ्या गावाने पाहिलंय.

मेंढ्यांचं पाणी रोज सकाळी गोठतं आणि मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुऱ्हाडीने ते फोडते. घरी ये. एका डोळ्याने आणि नऊ बोटांनी माणसाला घरात बसता येतं, तुला काय कचेरीत जायचंय? तुझी खोली झाडून ठेवली आहे.

व्हर्ना

ता.क. लॉरेटाबाईंशी लग्न मोडल्याची चिठ्ठी तू इस्पितळातूनच पाठवलीस म्हणे. 'डोकं जाणाऱ्या माणसाचं ओझं तुझ्या गळ्यात घालणार नाही.' बरं केलंस. पोस्टात तिकिटं चिकटवत जन्म गेला आणि अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा बोहल्यावर चढायला निघाली होती.


विलो बेंड
२१ डिसेंबर १९९६

हाल्वर,

डाव्या हाताने तीन पानं लिहिलीस, त्यातली अडीच नुसत्या प्रश्नांची. तू माझा भाऊ आहेस की शेरीफ?

डबा पोस्टाने पाठव म्हणतोस. बंदुकीची दारू पोस्टाने पाठवत नाहीत, एवढंही विसरलास? आणि डबा आता आहे कुठे? आर्डेन तुला गाडीत घालून इस्पितळात नेत होता, त्याच दिवशी मी तो परसात रिकामा केला. वाया गेलेली दारू गवतावर पातळ पसरून द्यायची, हे आपल्याकडे सगळेच करतात. वडीलही करत. त्यात एवढं काय?

दुसरं, त्या ऑक्टोबर महिन्यात मी काडतुसं भरायच्या बाकावर बसले होते का. हे मला तू विचारतोस? तू त्या महिन्यात लॉरेटाच्या स्वयंपाकघरात किती वेळा बसलास, हे मी कधी विचारलं का? आणि माझी भरणीची वही मागतोस! आपल्या मुलखात माणूस एक वेळ बायकोचं वय सांगेल, पण किती दारू, कुठली गोळी, कुठल्या तारखेला, हे लिहिलेली वही दुसऱ्याच्या हातात देणार नाही. मीही देणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

लॉरेटा परवा आली होती, हकलबेरीचा केक घेऊन. बूट न झटकता आत.

"व्हर्ना, त्याला विसर पडलेला मला तर कधी दिसला नाही," म्हणाली. "माझ्या नातवंडांचे वाढदिवससुद्धा पाठ आहेत त्याला."

"तुझ्यापुढे तो पोट आत ओढून बसायचा, लॉरेटा. डोकंही तसंच आवरून धरत असेल."

"तू त्याला घरी आण ना गं."

"आणते की. तू मध्ये नसलीस की येईल."

तिचे डोळे भरले. केक ठेवून गेली. मी खाल्ला. चांगला होता, साखर जरा जास्त.

नाताळला एकटीच असेन. म्हणून सांगत नाही, आपलं सांगितलं.

व्हर्ना


विलो बेंड
१८ जानेवारी १९९७

हाल्वर,

तुमच्या तिथल्या डॉक्टरांचं पत्र आलं. अभिनंदन! शंभरातून सात-सात वजा करत खालपर्यंत आलास म्हणे. पाच शब्द लक्षात ठेवलेस, घड्याळ काढून काटे बरोबर दाखवलेस. डॉक्टर लिहितात, डोकं ठणठणीत दिसतं, तरी घरच्यांना काही आढळलं असेल तर कळवावं.

मी कळवलं. डॉक्टर माणसापासून लपवून कसं चालेल? ऑगस्टमध्ये तू गॅस चालू ठेवून मेंढ्यांकडे निघून गेलास. कुत्रीला मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारलीस. ट्रकची किल्ली फ्रिजमध्ये दुधाशेजारी सापडली. एकच गोष्ट जेवताना दोनदा सांगितलीस, आणि मी हसले तर चिडलास. लिहायला बसले तशी एकेक आठवत गेली. अकरा झाल्या. गॅसचं तुला वेगळं आठवत असेल, पण आता तुझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तूच ठरव.

आणि आर्डेनने काडतुसं सोमवारी खोलली, मग दारू खराब आहे हे मला रविवारीच कसं कळलं, असं विचारतोस. मी दारू सोमवारीच टाकली. मागच्या पत्रात स्पष्ट सोमवार लिहिलं होतं. पुन्हा काढून वाच. ते पत्र कुठे ठेवलं हे आठवत नसेल, तर डॉक्टरांना बारावी गोष्ट कळवते.

आपले शेजारी फार चांगले आहेत. तू गेल्यापासून काडतुसं भरून घ्यायला सगळे माझ्याकडेच येतात. आर्डेनही. "व्हर्ना, तुझा हात अजून कसा स्थिर आहे गं," म्हणतो. बंदूक बघून, तिच्या नळीच्या अंगाने एकेक काडतूस बेतून द्यायचं, हे आता तीन तालुक्यांत एक मीच करते.

व्हर्ना


विलो बेंड
९ फेब्रुवारी १९९७

हाल्वर,

या वेळचं पत्र एवढंसं. 'सोमवारचं तू म्हणतेस तर तसंच असेल.' बस? पत्र काढून वाचलंसुद्धा नाहीस? लहानपणी एका पतंगाच्या रंगावरून तू माझ्याशी दोन दिवस भांडला होतास. असा पटकन कबूल होणारा तू कधी नव्हतास.

आणि हे काय नवीन काढलंस? सत्तावीस मार्चला आतल्या बाजूला जाणार? त्या बाजूला दाराला आकड्यांचं कुलूप असतं, माणसांना आकडे सांगत नाहीत. रस्त्यावर भटकणारे, स्वतःचं नाव विसरलेले लोक ठेवतात तिथे. तुला कुणी ढकलत नाहीये, तू आपणहून सही करायला निघालास. का, तर 'दोन दारू मिसळणारा माणूस गॅसही विसरेल, आणि त्या वेळी घरात तू असशील, व्हर्ना.'

अरे गाढवा, मी काय मेणाची आहे?

घरी ये. अटी साध्या आहेत. चुलीला हात लावायचा नाही, ट्रक चालवायचा नाही, बाकापाशी बसायचं नाही, लॉरेटाला पत्र नाही. बाकी सगळं मी करीन. तुझं मांस बारीक कापून देईन, बटणं लावून देईन. खिडकीत बसून कड्याकडे बघ. यापेक्षा या वयात माणसाला आणखी काय हवं असतं?

लॉरेटा बिलिंग्जपर्यंत आली आणि तू तिला भेटला नाहीस, हे तिनेच पोस्टात सांगितलं, चारचौघांसमोर रडत. "दार लोटून घेतलं गं त्याने." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं.

तुझ्या उत्तराची वाट बघते आहे.

व्हर्ना


विलो बेंड
१२ मार्च १९९७

हाल्वर,

काल तुझ्याकडे येऊन गेले. तुला आठवत असेलच, का तेही नाही?

तो निळा स्वेटर तुला शोभत नाही. आणि संत्रं सोलायला परवानगी कसली मागतोस तिथल्या त्या सेविका मुलीची? "डॅर्लीन, मी हे सोलू का?" अरे, पंधराव्या वर्षी तू एकट्याने एल्क सोलून, चार तुकडे करून खाली आणला होतास.

मी भिंतीवरची यादी बघत होते, ते तू बघितलंस. माझंच अक्षर. डॉक्टरांना पाठवलेला कागद तू मागून घेतलास आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवलास.

"हे कशाला?" मी विचारलं.

"रोज नाश्त्याआधी एकदा म्हणतो," तू म्हणालास. "म्हणजे मी बरा आहे असं दिवसभर मनात येत नाही."

आणि म्हणून दाखवलीस. अकराच्या अकरा, क्रमाने, एक शब्द न चुकता. गॅस, कुत्री, किल्ली. शाळेत प्रार्थना म्हणायचास तसा हात मांडीवर ठेवून. एक डोळा माझ्याकडे, बरोबर आलं का विचारणारा. मी मान हलवली.

बाहेर पडताना डॅर्लीनने मला व्हरांड्यात गाठलं. पंचवीस वर्षांची असेल, पण बोलते रोखठोक. "मावशी, राग मानू नका. तुमचा भाऊ इथला सगळ्यात हुशार माणूस आहे. माझ्या भावाचा कराचा हिशेब यांनी तोंडी करून दिला. यांना आत कशाला पाठवायचं? तुम्ही एक शब्द बोललात तर ऐकतील ते. तुमचंच ऐकतात."

मी म्हटलं, "माझी बस चुकेल."

बस सुटायला चाळीस मिनिटं होती. स्टँडवर बाकड्यावर बसून राहिले.

स्वेटर बदल.

व्हर्ना


विलो बेंड
१५ मार्च १९९७

हाल्वर,

हे पत्र डॅर्लीनकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच.

दारू मी मिसळली.

बारा ऑक्टोबर, शनिवार. तू आर्डेनबरोबर गवताच्या गाठी आणायला गेला होतास. मेंढ्यांपाशी येणाऱ्या कोल्ह्यांसाठी मी बाकावर लहान काडतुसं भरत होते. काम संपलं. मापाच्या नळकांड्यात वाटीभर दारू उरली. तेवढ्यात फोन वाजला. लॉरेटा.

"हाल्वर नाही का? बरं, मग तुलाच सांगते. पाद्रीबाबांनी नऊ नोव्हेंबर दिलाय. आणि व्हर्ना, तुझी ती शिवणाची खोली आम्हाला लागेल. तुला बोललाय ना तो?"

तू बोलला नव्हतास.

बाकावर एका वेळी एकच डबा, आणि नळकांड्यात दारू ठेवून उठायचं नाही. वडिलांनी आपल्या दोघांच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं. फोनला उठताना मी डबा फळीवर ठेवला होता. परत आले ती रागाने धुमसत. फळीवरून हाताला लागला तो डबा ओढला, उरलेली दारू त्यात ओतली, झाकण लावलं. दोन्ही डबे एकाच कंपनीचे, दोन्हींवर लाल पट्टी, आकड्यातला शेवटचा अंक तेवढा वेगळा. दोन्हींचे दाणे काळे, पेन्सिलीच्या शिशाचे तुकडे करावेत तसे. माझ्या दारूचे जरा आखूड.

इथपर्यंत चूक आहे. चूक कुणाच्याही हातून होते. पुढचं चूक नाही.

दुसऱ्या दिवशी माझा डबा उचलला तर हाताला हलका लागला. तिथल्या तिथे कळलं. तुझा डबा उघडून बघितला, वरचा थर आखूड दाण्यांचा. तू अंगणातच होतास, एक हाक मारायची होती. पण खोलीवरून आदल्या संध्याकाळी आपलं वाजलं होतं, आणि तू म्हणाला होतास, "व्हर्ने, हे घर म्हणजे तुझी एकटीची जहागीर नाही." मग मी बोलले नाही, तूही बोलला नाहीस. म्हटलं, बघू या. सहाशे यार्डांवरून शिंगांची टोकं मोजतो, दाणे दिसतीलच याला. दिसले की येईल माझ्याकडे, 'व्हर्ना, हे काय?' म्हणेल. मग मीही बोलेन. तू यावंस, एवढंच मला हवं होतं. लांबचं तुला दिसतं, जवळचं दिसत नाही आणि चाळिशी लावायची तुला लाज वाटते, हे मला ठाऊक होतं. सगळ्या जगात मलाच ठाऊक होतं.

वीस तारखेला, रविवारी दुपारी, तू काडतुसं भरायला बसलास. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मधलं दार उघडं. चिमट्याने एकेक दाणा काट्यावर टाकत होतास, डोळे बारीक करून. मग भरणीच्या यंत्राच्या दांड्याचा आवाज. खाली, वर. एक काडतूस झालं. मी मोजत होते. खाली, वर. वीस झाली. तोवर मी आठ माणसांना पुरतील एवढे बटाटे सोलून ठेवले होते.

त्यानंतर सात दिवस होते, हाल्वर. शनिवारी तू नेम तपासायला गेलास, तेव्हा मी सिंकला धरून उभी होते. तू मागच्या वर्षीची चार काडतुसं उडवलीस, नवी वीस एल्कसाठी राखून ठेवलीस, आणि शिटी वाजवत घरी आलास. मी देवाचे आभार मानले. तरी बोलले नाही. सत्तावीसला पहाटे तुला कॉफीचा थर्मास भरून दिला. पंधरा दिवसांत तू पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसलास. "येताना काळीज आणतो तुझ्यासाठी. कांद्यात परतून खाऊ." मी दार लावून घेतलं.

तू मरावंस असं मला वाटत नव्हतं. काय वाटत होतं हे मला आजही सांगता येत नाही. लॉरेटा या घरात यायला नको, एवढं एकच डोक्यात गच्च बसलं होतं.

आर्डेनचा फोन आला तसा मी आधी डबा परसात रिकामा केला, मग वहीतलं बारा ऑक्टोबरचं पान फाडून चुलीत घातलं, आणि मग रडले. रविवारीच. सोमवार खोटा. त्या अकरा गोष्टींतल्या नऊ मी बसल्या जागी रचल्या. गॅस मी विसरले होते. किल्लीही मीच फ्रिजमध्ये ठेवली होती.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. मी पाच महिने झाकलं आणि फुटलं नाही. फुटणारही नव्हतं. तू ती यादी म्हणत बसला होतास म्हणून लिहिते आहे.

तुझं डोकं शाबूत आहे. तू काही विसरला नाहीस, काही मिसळलं नाहीस. हे पत्र डॉक्टरांना दाखव, आर्डेनला दाखव, चर्चच्या दारावर लाव. सत्तावीसला सही करू नकोस. घरी ये, लॉरेटाला घेऊन ये. शिवणाची खोली रिकामी केली आहे. मी गावात दुकानावरच्या माळ्यावर राहीन. तिने मला दारात उभं केलं नाही तरी चालेल.

फक्त आत जाऊ नकोस.

व्हर्ना टोफ्टे


बिलिंग्ज
२८ मार्च १९९७
(हाल्वर सांगतोय, डॅर्लीन लिहितेय.)

प्रिय व्हर्ना,

स्वतः वाच म्हणालीस म्हणून मी स्वतः वाचलं. मग डॅर्लीनकडूनही वाचून घेतलं, कारण मला एकदा कळलेलं बरोबरच कळलंय याचा आता भरवसा नाही. रागावू नकोस.

डॅर्लीन रडली. तिला सगळं खरं वाटलं. पत्र घेऊन पळत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि विचारलं, "मिस्टर टोफ्टे, तुमची बहीण असं करेल?" मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही. तिची जीभ म्हणजे कात्री, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण मी आठ वर्षांचा असताना ओढ्यावरचा बर्फ फुटून खाली गेलो, तेव्हा बारा वर्षांची पोर छातीएवढ्या पाण्यात उतरली आणि माझी मानगूट धरून मला काठावर फेकलं. ती मुलगी बटाटे सोलत वीस काडतुसं मोजत बसेल? सात दिवस गप्प बसेल? हातात थर्मास देईल? त्या ओळींपर्यंत मीही जवळजवळ फसलो होतो, व्हर्ने. तिथे आलो आणि ओळखलं, की हे तू रचलंस. रचणारा माणूस जरा जास्तच घालतो.

आणि आर्डेनला विचारलंस तर तोही हेच सांगेल. डबा नाही, पान नाही, तुझ्याकडे दाखवायला काहीच नाही. मला घरी आणायला तू सगळा आळ स्वतःवर ओढून घेतलास. आयुष्यभर मला गाढव म्हणालीस, आणि वेळ आली तेव्हा हे केलंस. मी तुला असं ओळखलंच नव्हतं.

पण तुझ्या पत्राचा एक उपकार झाला. तो फोन. पाच महिने मी त्या दिवसांतून फिरत होतो आणि चूक नेमकी कुठे झाली ते सापडत नव्हतं. तू फोनचं लिहिलंस आणि लख्ख आठवलं. फोन मीच घेतला होता. लॉरेटाने नऊ तारखेचं मला सांगितलं, मी हरखून गेलो, परत येऊन चुकीचा डबा ओढला. लाल पट्टीसुद्धा डोळ्यांपुढे दिसते. आता शोधत बसायला नको. रात्री झोप लागते.

काल मला आत आणलं. खोली बरी आहे, खिडकी पार्किंगकडे आहे, उघडत नाही, पण उजेड येतो. दाराचे आकडे आपल्याला सांगत नाहीत, तेव्हा तू काळजी करू नकोस, मी कुणाच्या घरात गॅस चालू ठेवू शकत नाही. शिवणाचं यंत्र परत जागेवर ठेव. तू माझ्यासाठी काय करायला निघाली होतीस ते मी लॉरेटाला सविस्तर कळवलंय. ती तुला भेटायला येईल म्हणते. तिला आत घे.

एकच मागणं आहे. खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे आता मला वेगळं काढता येत नाही. ते काम मी तुझ्यावर सोपवलंय. तेव्हा प्रेमापोटीसुद्धा पुन्हा असं काही लिहू नकोस. यापुढे मला फक्त खरं लिहीत जा.

तुझा
हाल्वर